जुन्या वळणाचं जाळीचं कपाट घरी करायचंय: लाकूड, सांधे आणि जुनाट रंग

ओसरी

नमस्कार मंडळी,

लोणच्याच्या बरण्या, पापडाचे डबे, कांदे-बटाटे आणि सणासुदीला लागणारी पितळी भांडी यांच्यासाठी एक लाकडी कपाट करायचं घाटतंय. प्लाय आणि सनमायका नकोय. पूर्वी स्वयंपाकघरात असायचं तसं जाळीचं कपाट हवंय. चार पाय, दोन दारं, दारांना आणि बाजूंना जाळी, आत खण, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. दिसायलाही ते घरात बरीच वर्षं वापरलेलं वाटावं.

उंची साडेचार फूट, रुंदी तीन फूट, खोली सव्वा फूट असं कागदावर काढलंय. माझ्याकडे हातकरवत, ड्रिल, एक चांगला रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि चार क्लॅम्प आहेत. गच्चीवर जागा आहे. शनिवार-रविवार वेळ आहे. पूर्वी स्टूल आणि पुस्तकांची मांडणी केलीय, त्यामुळे अगदी नवखी नाही.

प्रश्न असे:
लाकूड कुठलं घेऊ? वाडे पाडल्यावर निघतो तो जुना साग, की पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन?
सांधे खिळ्यांचे चालतील का?
आणि मुख्य म्हणजे हा जुनाटपणा आणायचा कसा? व्हिडिओंत लोक साखळीने लाकूड झोडपतात, खिळ्याने भोकं पाडतात. ते मला काही पटत नाहीये, पण दुसरा मार्गही ठाऊक नाही.

टिवल्याबावल्या

घरात दोन लहान मुलं असतील तर जुनाटपणाची वेगळी सोय करायला नको. सहा महिने थांबा.

मावळतीकर

नवं करून त्याला जुनं दाखवायचं कशाला? पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. मुंबईत असाल तर ओशिवऱ्याला जा. तयार कपाट मिळेल, अस्सल सागाचं. ते घासून पॉलिश करा, झालं काम.

ओसरी

मावळतीकर, पाहिलं. जी मिळतात ती एकतर पाच-सहा फूट रुंद, नाहीतर पाय कुजलेली. माझ्याकडे भिंत आहे सव्वातीन फुटांची. शिवाय करण्याची हौस आहेच, ती कशी विकत घेणार?

सुतारपक्षी

आमच्या घरात सुतारकी होती. मी स्वतः नोकरीत, पण हत्यारं सुटलेली नाहीत. सविस्तर लिहितो.

आधी लाकूड. तुमच्या मापाचा हिशेब केला. इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी गुणिले फुटांतली लांबी, भागिले १४४, म्हणजे घनफूट. दोन बाय दोनचे साडेचार फुटी चार पाय झाले अर्धा घनफूट. आडव्या पट्ट्या, चार फळ्या, मागची पाठ आणि दारांच्या चौकटी धरून एकूण तीन घनफुटांच्या आसपास जातं. छाट आणि गाठी टाकून साडेतीन घ्या. ही बेरीज दुकानात जाण्याआधी करून ठेवा. नाहीतर वखारवाला फूटपट्टी लावेल आणि तुम्ही मान डोलवाल. आणखी एक, एक इंची म्हणून घेतलेली फळी दोन्ही बाजूंनी रंधून सरळ होईपर्यंत पाऊण इंच उरते. माप ठरवताना पाऊण इंचच धरा.

जुना साग उत्तमच, वाद नाही. पन्नास-साठ वर्षं हललाडुलला तेवढा हललाय, आता फारसा वाकणार नाही. पण त्यात मोडके खिळे दडलेले असतात. रंध्याचं पातं एकदा खिळ्यावर गेलं की दुपार धार लावण्यात जाते. लोहचुंबक फिरवून घ्या. मशीनवर रंधून देणारा कारखानदार असलं लाकूड बहुतेक वेळा हातात घेत नाही, तेही लक्षात ठेवा.

पाइन मऊ आहे. पहिल्यांदाच कपाट करताय आणि हातहत्यारांनी करताय, तर माझं मत पाइनला. पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे मशिनरीची खोकी फोडून विकणारे आहेत. सपाट पॅलेटच्या फळ्या पातळ आणि खिळ्यांनी चाळण झालेल्या असतात, त्यापेक्षा मोठ्या खोक्यांच्या रिपा आणि फळ्या मागा. पायांसाठी रीप निवडताना एका टोकाला डोळा लावून बघा. पिळलेली असेल तर परत ठेवा, पिळ रंध्याने जात नाही.

परदेशातून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या कणसासारखी खूण आणि आयपीपीसी असा शिक्का असतो. त्यात एचटी अक्षरं असली तर लाकूड तापवून निर्जंतुक केलंय. त्यासाठी गाभा ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं ठेवतात. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. तुम्ही खायचे जिन्नस ठेवणार आहात, एमबीवालं घेऊच नका. तेलाचे, रसायनांचे डाग असलेल्या फळ्याही नकोत, मग शिक्का कसलाही असो.

सांध्यांचं आणि रंगाचं रात्री लिहितो.

किडूकमिडूक

जुन्या सागाबद्दल एक पुरवणी. जुन्या दार-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात आणि त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. तो रंग कोरडा घासू नका, जाळून काढायला ब्लो-टॉर्च तर अजिबात लावू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर असं रंगवलेलं लाकूड घरात न आणलेलंच बरं.

ओसरी

अरे बापरे, हे डोक्यातच नव्हतं. मग पाइनच. सुतारपक्षी, वाट बघतेय.

राजापूरची_गंगा

आमच्याकडे अशी कपाटं फणसाच्या लाकडाची आहेत. ताजं कापलेलं असतं तेव्हा हळदीसारखं पिवळं असतं, उजेड लागत जातो तसं तांबूस-तपकिरी होतं. रंग द्यायची गरजच पडत नाही. तुमच्याकडे सुकलेला फणस मिळत असेल तर विचार करा. ओला घेऊ नका, तडकतो.

भर_दुपार

वाचतोय. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं असं ऐकलंय, कुणी वापरलंय का?

सुतारपक्षी

@भर_दुपार, आंब्याला भुंगा फार लागतो. कपाटाखाली पिठासारखा भुगा दिसू लागला की समजायचं. घ्यायचाच तर बोरिक पावडर एक भाग आणि टाकणखार (बोरॅक्स) साधारण दीड भाग असं गरम पाण्यात विरघळवून पाच टक्क्यांचं पाणी करा, रंधलेल्या लाकडाला दोन-तीनदा पाजा आणि सावलीत पुरतं वाळू द्या. पाइनलाही हे केलेलं वाया जात नाही. मात्र हे पाणी मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडाशी येऊ देऊ नका.

आता सांधे.

खिळे मारून खोकं होतं, कपाट होत नाही. या प्रकारच्या कपाटाला बाजूंना फळी नाही, जाळी आहे. जाळी सांगाड्याला ताण देत नाही. मागच्या उभ्या फळ्याही देत नाहीत, त्या एकमेकींवरून सरकतात. म्हणजे कपाट डुलू न देण्याचं सगळं काम चार पाय आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यावर आहे. तिथे पायात चौकोनी भोक आणि पट्टीला त्यात बसणारं कुसू असाच सांधा हवा. भोक अर्धा इंच रुंद, सव्वा इंच खोल. ड्रिलने ओळीत भोकं पाडून घ्या आणि मधला भाग पटाशीने साफ करा. कुसू हाताने दाबल्यावर आत जायला हवं. हातोडा लागला तर पाय फाटेल, नुसतं पडलं तर सैल आहे. फेविकॉल लावून सांधा आवळा आणि आरपार भोक पाडून बांबूचा खिळा ठोका. बाहेरून ते गोल टिकले दिसतात. जुन्या कामाची ती खरी ओळख, दिसू द्या.

बाजूंना प्रत्येकी तीन पट्ट्या: वर, मध्ये, खाली. मागेही मधोमध एक. ही मागची मधली पट्टी लोक वगळतात आणि मग बरण्या भरल्यावर दार घासायला लागतं. तिन्ही पट्ट्या बसल्या की चिकटवायच्या आधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. गुण्यापेक्षा यावर माझा जास्त विश्वास.

खणाच्या फळ्या सव्वा फूट खोल, म्हणजे दोन-तीन फळ्या शेजारी शेजारी येतील. त्या आडव्या पट्ट्यांवर नुसत्या टेकू द्या. पुढच्या कडेला एकेक स्क्रू, मागे मोकळं. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. दोन्हीकडून जखडलंत तर फळी फाटते. पाठीच्या फळ्यांचंही तेच. त्यांच्या कडांना अर्ध्या जाडीची खाच पाडून एकीवर एक चढवा. मे महिन्यात बसवत असाल तर मध्ये दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा, श्रावणात बसवत असाल तर भिडवून लावा.

दारांच्या चौकटीला अर्धा-अर्धा कापून एकावर एक बसवायचा सांधा पुरे. अडीच इंची पट्टी घ्या. जाळी आतून लावून वरून बीडिंग पट्टी ठोका, म्हणजे उद्या जाळी फाटली तर बदलता येईल. बाहेरून मारलेली जाळी वाईट दिसते आणि साडी-ओढणी अडकते.

मावळतीकर

जाळी कुठली? हल्ली मच्छरदाणीची फायबरची लावतात, ती या कपाटाला शोभणार नाही. आणि लोकांचा समज असतो की जाळीने मुंग्या अडतात. मुंग्या तिच्यातून निवांत जातात. जाळी माश्या, पाली आणि मांजरासाठी.

सुतारपक्षी

बरोबर. जस्ती जाळी घ्या, बारीक चौकोनाची. नवी फार चकाकते. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून ठेवा, जस्ताची चकाकी जाऊन करडी पडते. मग पाण्याने धुवून वाळवा आणि मगच लावा.

ओसरी

हे सगळं छापून भिंतीला लावतेय. आता रंगाचं सांगा ना.

सुतारपक्षी

सांगतो. साखळीने झोडपणं तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. जुनं कपाट नीट बघा. ते सगळीकडे सारखं जुनं नसतंच. कडीभोवती, जिथे दार ढकलायला तळवा लागतो, तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. खालच्या आडव्या पट्टीला पाय लागून लागून कड गोल होते. खणांची पुढची कड भांडी ओढून झिजते, मागची तशीच कोरीकरकरीत. वरचा माथा धुराने काळपट. पायांचे तळ पाण्याने काळे. आणि जिथे कुणाचा हात पोहोचत नाही तिथे पहिला रंग जसाच्या तसा. तुम्ही हात कुठे लावणार, पाय कुठे लागणार, ओलं फडकं कुठे फिरणार याचा विचार करा आणि तिथेच लाकूड झिजवा. बाकीच्या ठिकाणी हात आवरा. कपाटाच्या छाताडावर मधोमध साखळीचे घाव कोण घालणार? कुणी भांडायला आलं होतं का?

कृती अशी. रंधून झाल्यावर पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायच्या आधी तारेचा ब्रश घ्या आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने जोरात ओढा. पाइनच्या रेघांत एक मऊ, एक कडक असा क्रम असतो. मऊ भाग निघून जातो, कडक रेघा वर राहतात. हात फिरवलात की कळतं. आडवा ब्रश मारू नका, ओरखडे येतात. मग झिजण्याच्या जागांच्या कडा रंध्याने नव्हे, कानशीने आणि पेपरने मोडा. रंध्याने मोडलेली कड सरळ येते. वापराने झिजलेली कड मध्ये जास्त आणि टोकांना कमी असते.

रंगांचं काम अणुरेणू यांच्यावर सोपवतो, ते वाचत असतील तर.

अणुरेणू

वाचतोय, वाचतोय.

सागाच्या किंवा ऐनाच्या जुन्या दारावर खिळ्याभोवती काळं वलय दिसतं ना, ते लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि खिळ्यातलं लोखंड ओलाव्यात एकत्र आल्याने. हीच गोष्ट मुद्दाम करायची. पाइनमध्ये टॅनिन नगण्य, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. परदेशी व्हिडिओंत त्यासाठी कडक चहा लावतात. आपल्याकडे त्याहून भारी वस्तू आहे, हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होतो तोच. जुनी शाई हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांचीच, आणि कलमकारीतला काळाही हिरडा पाजलेल्या कापडावर लोखंडाच्या पाण्याने येतो.

काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याची भरड घ्या. साधारण ५० ग्रॅम लिटरभर पाण्यात उकळा, गार करून गाळा. ब्रशने लाकडाला लावा आणि वाळू द्या. लाकूड फिकट पिवळसर होतं, एवढंच.

लोखंडाचं पाणी आठवडाभर आधी करून ठेवा. काचेच्या बरणीत साधं पांढरं व्हिनेगर आणि गंजके खिळे. भांडी घासायची स्टीलची घासणी टाकू नका, ती स्टेनलेस असते, विरघळतच नाही. झाकण घट्ट लावू नका, हायड्रोजन तयार होतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. पाणी तपकिरी दिसू लागलं की फडक्यातून गाळून घ्या. वेळ नसेल तर अर्धा लिटर पाण्यात चमचाभर हिराकस, काम तेच.

हे हिरडा पाजलेल्या वाळक्या लाकडावर लावलं की तुमच्या डोळ्यांदेखत करडं पडायला लागतं आणि थोड्याच वेळात काळपट. पातळ केलं तर पावसात उभ्या राहिलेल्या कुंपणासारखा रुपेरी करडा, दाट लावलं तर शाईसारखा. म्हणून आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर तीन-चार प्रमाणं करून बघा. तुकडा दुसऱ्या खोक्याचा नको, तोच हवा. पत्र्याच्या डब्यातून किंवा लोखंडी पट्टीच्या ब्रशने हिरडा लावलात तर आधीच काळे डाग पडतील, प्लॅस्टिकचं घ्या. आणि हातमोजे घाला, नाहीतर नखं काळी होतील.

ओसरी

हिरडा! घरात खोकल्यासाठी आणलेला आहे. मला मात्र पूर्ण काळं-करडं नकोय. आजोळी असायचा तसा फिकट हिरवा-निळा रंग आणि कडेने खालचं लाकूड डोकावतंय, असं काही जमेल का?

अणुरेणू

जमेल. करडा रंग खालच्या थराला ठेवा आणि त्यावर दुधाचा रंग द्या. लिटरभर साय काढलेलं दूध लिंबाने फाडा, चोथा गाळून दोनदा पाण्याने धुवा. त्यात साधारण ३० ग्रॅम विरवलेला चुना घालून घोटा, चोथा विरघळून साधारण रंगासारखं दाट होतं. गाठी राहिल्या तर गाळा. यात गेरू, पिवडी (पिवळी माती), नीळ चालते. पूर्वी घराच्या सफेदीत नीळ घालायचे ते उगाच नाही, ती चुन्यात टिकते. पिवडी आणि नीळ मिसळली की तुमचा तो हिरवा. नीळ भुकटीची घ्या, कपड्यांची पातळ नीळ वेगळी असते, उडून जाते. डोळ्यांवर चष्मा ठेवा, चुना आहे.

केला त्या दिवशीच संपवा, दुसऱ्या दिवशी वास मारतो. सुकल्यावर खडूसारखा निस्तेज दिसतो, तोच तर हवाय. सुतारपक्ष्यांनी सांगितलेल्या झिजण्याच्या जागी रंगाच्या आधी मेणबत्ती घासा. मेणावर रंग धरत नाही. वाळल्यावर पेपर फिरवला की तिथून निघून येतो आणि खालचा करडा दिसतो.

सुतारपक्षी

दुधाचा रंग पाण्याने डागळतो, तेव्हा वरून काहीतरी हवं. बाहेरून उकळलेलं अळशीचं तेल फडक्याने, अगदी पातळ. रंग एक छटा गडद होईल. जादा तेल पंधरा-वीस मिनिटांनी पुसून काढा, नाहीतर चिकट राहतं. आतून तेल अजिबात नको. बंद कपाटात त्याचा वास महिनोन्महिने कोंडून राहतो आणि पापडांना लागतो. आतून लाखेचं पॉलिश: चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा आणि दोन हात द्या. हे काम कोरड्या दिवसात करा, भर पावसात केलं तर पॉलिशवर पांढुरके ढग येतात.

किडूकमिडूक

अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका! तेल सुकताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून आपोआप पेट घेऊ शकते. मोकळी पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. गच्चीवर भुसा पडलेला असणार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

भर_दुपार

कडी-कोयंड्याचं काय? नवं पितळ फार पिवळंधमक दिसतं.

मावळतीकर

एवढं मात्र जुन्या बाजारातूनच घ्या, माझं ऐका. बिजागऱ्या, कड्या वजनावर मिळतात. आणि घरी आणल्यावर हौसेने चिंच लावून चमकवू नका. नवं घ्यावंच लागलं तर झाकणाच्या डब्यात तळाशी थोडा अमोनिया ठेवून वर दोऱ्याने टांगा, वाफेने काळवंडतं. लाखेचा थर असेल तर आधी तो स्पिरिटने काढा. आणि हे उघड्यावर करा, वास नाकात जातो.

टिवल्याबावल्या

माझा पहिला सल्ला मागे घेतो. मुलांपेक्षा हे सोपं दिसतंय.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी रिपा बघायला जातेय. एक शेवटचं: पायांखालच्या वाट्या. दगडी मिळाल्यात, पण पाय पाण्यात राहून कुजणार नाहीत का?

सुतारपक्षी

कुजतील. पायाचा तळ म्हणजे लाकडाची कापलेली तोंडं, ती नळीसारखी पाणी वर ओढतात. पाय उलटे करून तळाला गरम मेण पाजा, शोषेल तेवढं. मग वाटीच्या मधोमध पाण्याच्या वर येईल असा दगडाचा किंवा फरशीचा तुकडा ठेवून पाय त्यावर टेकवा. पाय पाण्यात नको, पाण्याने वेढलेला हवा.

किडूकमिडूक

आणि दर आठवड्याला पाणी ओतून वाट्या घासा. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंडी वाटीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

राजापूरची_गंगा

आमच्याकडे वाटीत पाण्याऐवजी थोडं गोडंतेल घालतात. मुंगी येत नाही, डासही नाही. धूळ बसली की पुसायचं. फक्त मांजर असेल तर नको, चाटतं.

ओसरी

मांजर आहे. पाणीच घालते.